अपेक्षित बर्फ

१ डिसेंबर, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची नऊ वर्षांपूर्वी आठव्या पानावर थांबली होती, पण त्याला कारण पेन होतं. आता प्रसंगच तसा आहे. नातीच्या बालवाडीने मला विज्ञान मार्गदर्शक म्हणून पाचारण केलं आहे. दर शनिवारी सकाळी, उघड्या मैदानात, चार-पाच वर्षांच्या चौदा मुलांकडून हिवाळ्यातले विज्ञानाचे प्रयोग करून घ्यायचे. १० जानेवारीला पालकांसमोर कार्यक्रम.

सौ. म्हणते, शाळेची चिठ्ठी चौदाही घरांत गेली होती, उत्तर फक्त आपल्या घरातून गेलं. असेल. शर्यतीत एकटाच धावलो म्हणून पहिला नंबर खोटा ठरत नाही.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढली आहेत. हुद्दा सहायकाचा होता, पण कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही विद्यार्थ्याचं रीडिंग कधी चुकलं नाही. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं उत्तर ९८१ म्हणजे ९८१च यायचं. मधली दोन वर्षं लंबकाचा दोरा तुटलेला होता, तेव्हासुद्धा ९८१. ही शिस्त आता बालवाडीत न्यायची आहे.

३ डिसेंबर, बुधवार

मुलाने ऑफिसातून इंटरनेटवरची सोळा पानं छापून आणली. लहान मुलांसाठी हिवाळ्यातले मैदानी प्रयोग. चित्रांतली मुलं गुडघाभर बर्फात उभी आहेत. आपल्याकडे बर्फ पडत नाही एवढा तपशील सोडला, तर सगळं जसंच्या तसं लागू आहे.

चौदा वह्या आणल्या. कव्हरं घातली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने आखले. मुलांना लिहिता येत नाही, हे नंतर सूनबाईकडून कळलं. मग निरीक्षणं आणि निष्कर्ष मीच भरून टाकले. त्या पानांतून निवडलेल्या चारही प्रयोगांचे, एका बैठकीत. कॉलेजातही हीच पद्धत होती. मागच्या वर्षीचं जर्नल समोर ठेवायचं, उत्तर बघायचं आणि उत्तराकडून उलट पावली रीडिंगकडे यायचं. प्रयोगाच्या भरवशावर राहिलं असतं तर एकही बॅच पास झाली नसती.

सूनबाईने विचारलं, मग मुलांनी काय करायचं? म्हटलं, सही. ती म्हणाली, सही येत नाही. म्हटलं, अंगठा चालेल.

जाता जाता ती दारात थांबली. म्हणाली, बाबा, प्रयोग राहिले तरी राहू देत, पण तेवढं पोरीला बोलतं करा. नात घरात तोंडाचा पट्टा थांबवत नाही, पण शाळेत पाय ठेवला की मिठाची गुळणी. शाळा सुरू झाल्यापासून तिथे एक शब्द उच्चारलेला नाही. बाईंनी हा उघड्यावरचा वर्ग मुख्यतः अशा मुलांसाठीच काढलाय म्हणे. बाहेर काही नवं दिसलं की मूल आपण होऊन बोलतं, असं त्यांचं मत. सूनबाईचे डोळे भरून आले होते. मी शब्द दिला. दहा जानेवारीला तुझी मुलगी माईकवर बोलेल.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून गच्चीवरचं तापमान नोंदवणे.

४ डिसेंबर

उठलो होतो. म्हणजे जाग होती.

६ डिसेंबर, शनिवार

पहिला वर्ग. विषय: थंडी मोजणे. कॉलेजातला थर्मामीटर नेला होता (निवृत्तीच्या गडबडीत तो माझ्याकडे राहून गेला होता). सहा फुटांवरून सर्वांना दाखवला. 'हात लावायचा नाही' हे वाक्य तीनदा म्हणून घेतलं. रांग लावण्यात चाळीस मिनिटं गेली, विज्ञान पाच मिनिटांत उरकलं. रांग हाच पाया असतो.

एक पोरगा सारखं 'का' विचारतो. त्याचं नाव मी प्रश्नपत्रिका ठेवलं आहे. थंडीत पारा खाली का जातो, त्यालाही थंडी वाजते का, मग तो स्वेटर का घालत नाही. उत्तर दिलं की हे दहावीला येतं.

मध्येच नातीने माझा कोट ओढला आणि मोठ्याने म्हणाली, आजोबा, माझ्या तोंडातून धूर येतोय. लगेच चौदाही जणांनी तोंडं उघडून फुंकायला सुरुवात केली. कोण ड्रॅगन, कोण इंजिन. क्षणात शिस्तीची वाट लागली. मी सगळ्यांना थांबवलं. वाफेचा प्रयोग १३ तारखेला आहे, आज तापमान चालू आहे, तोंडं बंद. नातीने सर्वांत आधी बंद केलं. आज्ञाधारक आहे, माझ्यावर गेलीय.

नंतर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुमच्या नातीचं हे शाळेतलं पहिलं वाक्य होतं, जरा चालू द्यायचं होतंत. बाई वयाने लहान आहेत, मी समजुतीने सांगितलं. आज सगळी वाफ काढून टाकली तर तेराला काय उरणार?

९ डिसेंबर

संकल्प पाळला जातो आहे. तापमानाचा तक्ता पंधरा तारखेपर्यंत भरला. सौ.ने विचारलं, आज नऊ तारीख असताना पंधराचं तापमान कुठून आलं? म्हटलं, थंडी काय पळून जाते? ती म्हणाली की पहाटे पाचला या घरात जे घोरत असतं त्याचीही नोंद कुठेतरी व्हायला हवी. वैज्ञानिकाच्या घरी विज्ञानाला किंमत नसते.

१३ डिसेंबर, शनिवार

वाफ. सगळी तयारी चोख. आधी पंधरा मिनिटं पाण्याच्या तीन अवस्थांवर बोललो. मग उद्देश वाचला, साहित्य (तोंड) वाचलं, कृती वाचली. दरम्यान ऊन चांगलंच वर आलं, त्याला मी काय करणार. प्रत्येकाला पुढे बोलावून श्वास सोडायला लावला. कोणाच्याही तोंडातून काही निघालं नाही. मुलांच्या फुफ्फुसांत दम कमी आहे. स्वतः करून दाखवलं. माझ्याही तोंडातून निघालं नाही, पण मला सर्दी आहे.

अंगठे घ्यायला लागलो. वहीत आधीच 'पांढरी वाफ स्पष्ट दिसली' असं लिहिलेलं होतं. नात म्हणाली, पण आजोबा, नाही दिसली. खालच्या आवाजात म्हणाली, तरी प्रश्नपत्रिकेने ऐकलंच आणि बोंब ठोकली. मी शांतपणे समजावलं की वहीत दिसली असं आहे, म्हणजे दिसली. नातीने माझ्याकडे बघत अंगठा उठवला.

एवढ्यात शाळेच्या मावशींनी गरम पाण्यात दुधाचे पेले विसळून ते पाणी भिंतीच्या सावलीतल्या गार फरशीवर ओतलं. भस्सकन वाफ. सगळी मुलं तिकडे! मावशींनी उरलेलं पाणी एकदा उन्हात ओतलं, एकदा सावलीत ओतलं आणि विचारलं, कुठे जास्त आहे रे पोरांनो? मुलं किंचाळून सांगत होती. त्यात नातीचाही आवाज असावा असं बाई म्हणतात. मी वह्या गोळा करत होतो, त्यामुळे खात्री नाही.

बाईंकडे तक्रार नोंदवली. वर्ग चालू असताना पेले विसळू नयेत.

१६ डिसेंबर

सर्दी. विज्ञानासाठी माणसं काय काय सोसतात. तापमान अंदाजे लिहिलं.

२० डिसेंबर, शनिवार

सावली मोजणे. झेंड्याच्या खांबाची सावली सकाळी साडेआठला २१० सेंटिमीटर. ही किंमत मी घरीच काढून ठेवली होती. पण टेप घरी राहिली. सौ.ने आठवण करायला हवी होती.

मी फूटपट्टी मिळते का बघायला ऑफिसात गेलो, तेवढ्यात बाईंनी मुलांना सावलीवर ओळीने झोपवलं. माझ्या माघारी मोजमाप झालं: पाच मुलं आणि एक बूट. हे काय एकक झालं? वर मुलं वाद घालत होती की बूट कोणाचा धरायचा. थोड्या वेळाने परत झोपून मोजलं, तर बूट लागलाच नाही. सावली आखडली, असं ओरडत सुटली. मी सर्वांना उठवलं, कपडे झटकायला लावले आणि अंगठे घेतले. २१०.

नातीचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीपाशी उकिडवी बसून ती गवतावरून हात फिरवत होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, इथे सावलीत गवत ओलं आहे आणि ऊन आहे तिथे कोरडं आहे, आणि ओल्याची रेघ सावलीच्या रेघेबरोबर सरकतेय. बाई धावत तिच्याजवळ गेल्या आणि तिथेच मातीत बसल्या. त्यांनी तिला आणखी काय काय विचारलं आणि ती उत्तरं देत होती, लांबलचक. मुलं गोळा झाली. मी घड्याळ दाखवलं. गवत आपल्या चार प्रयोगांत बसत नाही. विषयांतराची सवय एकदा लागली की आयुष्यभर जात नाही. हाक मारली, तर नात बोलता बोलता मध्येच थांबली आणि रांगेत येऊन उभी राहिली.

घरी सूनबाई खूश होती. बाईंचा फोन आला होता म्हणे: दहा तारखेला ही गवताचं सांगेल. म्हटलं, गवताचं कशाला, बर्फाचं सांगेल. खरा प्रयोग तोच आहे. सूनबाई म्हणाली, बाबा, तिला जे दिसलं ते सांगू द्या ना. बायकांना विज्ञानातलं गांभीर्य कळत नाही.

२३ डिसेंबर

शाळेला सुट्टी. बर्फाची तालीम सुरू. छापील कागदावर स्पष्ट लिहिलंय: संध्याकाळी भांड्यात पाणी भरून बाहेर ठेवा, सकाळी बर्फ होईल. संध्याकाळी गच्चीवर तीन भांडी ठेवली.

२४ डिसेंबर

पाणी. एका भांड्यात भुंगा.

२८ डिसेंबर

पाणी. मांजराने एक भांडं संपवलं.

३० डिसेंबर

पाणीच. आपल्याकडच्या नळाच्या पाण्याची प्रत ही मुळात चौकशीची बाब आहे. भांड्यांचा धातूही हलका वाटतो. सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिने रेडिओ लावून दाखवला, किमान तापमान नऊ अंश. बर्फ शून्याला होतो, हे तिला चौथीतच शिकवलं होतं म्हणे. पुस्तकी ज्ञान. माझ्या तक्त्यात परवाच्या पहाटेला मी उणे एक लिहून ठेवलं आहे.

आणि चौदा वह्यांत शाईने लिहिलेलं आहे: 'रात्रीत बर्फ झाला.' शाईचं खोडता येत नाही.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्षाचे संकल्प: (१) पहाटे उठणे. (२) कोणावर विसंबून न राहणे, विशेषतः हवामानावर.

३ जानेवारी, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण आजच्या प्रसंगाचा उगाच गवगवा केला जातो आहे.

काल शाळा सुटताना मुलांनी आपापलं भांडं भरून मैदानाच्या कठड्यावर ठेवलं होतं. तेरा मुलांची तेरा, नातीचं आणि माझं मिळून एक. आज पावणेसहाला मी एकटाच शाळेत गेलो (संकल्प क्रमांक एक पाळला, हे कोणी लक्षात घेत नाही). अपेक्षेप्रमाणे कुठेच बर्फ नव्हता. मग पिशवीतून आमच्या फ्रीजरमधली वाटी काढली आणि आमच्या भांड्यातलं पाणी ओतून देऊन त्यात बर्फ उपडा केला. यात फसवणूक काही नाही. कॉलेजात एक्स्टर्नल परीक्षक यायचे तेव्हा त्यांच्या टेबलावर चालणारं उपकरण ठेवायचो, तसंच हे. निसर्गाला जे करायचं होतं पण जमलं नाही, ते मी करून दिलं.

मुलं आली, जल्लोष झाला. सगळी आमच्या भांड्याभोवती. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. प्रश्नपत्रिकेने विचारलं, आजोबांच्याच पाण्याचा बर्फ का झाला, आमच्या पाण्याचा का नाही? म्हटलं, अनुभव.

नात बर्फावर नाक टेकवून बघत होती. डोळे अगदी जवळ नेऊन. असं बारकाईने बघणं मीच शिकवलं आहे, दोन्ही आजोबांत मीच विज्ञानाचा. मग ती उभी राहिली आणि शाळेत आजवर कधी नव्हतं इतक्या मोठ्याने म्हणाली, हा आमच्या फ्रीजमधला बर्फ आहे, ह्यात मटार आहे.

होता. हिरवा. मधोमध. सौ. फ्रीजर नीट पुसत नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई, मावशी हातातला झाडू धरून, तेरा मुलं. मी म्हटलं, बर्फ रात्रीच झालेला आहे, मटार वाऱ्याने आला असेल, किंवा एखाद्या पक्ष्याने टाकला असेल. नात म्हणाली, नाही आजोबा, वाटीच्या तळाच्या नक्षीतली फुलं पण उमटलीत बर्फावर, आपल्या वाटीची. पोरगी हट्टालाच पेटली. चार लोकांत माझी शोभा करायची वेळ होती का ती? तेव्हा तिला थोडं समजावलं.

समजावलं म्हणजे, खोटं बोलू नकोस, असं म्हटलं. जरा आवाज चढला असेल. मुद्दामहून नाही.

ती बर्फाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग म्हणाली, बरं, बाहेरचा. अंगठा उठवला. रडली वगैरे अजिबात नाही.

बाईंनी मुलांना आत नेलं. मला म्हणाल्या, पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे, तोवर तुम्ही विश्रांती घ्या. काळजीने म्हणाल्या असाव्यात, माझी सर्दी त्यांना माहीत आहे.

४ जानेवारी

सौ. बोलत नाही. मटारबद्दल अबोला मी धरायला हवा, तिने नव्हे.

६ जानेवारी, मंगळवार

घरात कमालीची शांतता आहे. लिहायला उत्तम. नात आल्यावर दप्तर जागेवर ठेवते, हात धुते, बसते. सूनबाईने तिला विचारलं, आज शाळेत काय काय झालं? तिने उलट विचारलं, काय झालं पाहिजे होतं? सूनबाईने मला जेवताना वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मोठी होते आहे पोर. आचरटपणा कमी झाला. हे श्रेय कोणी मला देणार नाही, मीही मागणार नाही.

संकल्प: दहा तारखेच्या भाषणाची तयारी. विषय, बालमनातील वैज्ञानिक दृष्टी. वेळ चाळीस मिनिटं.

८ जानेवारी

बाईंचा निरोप: भाषण नको. दोन मिनिटं आभार मानले तरी पुरे. कार्यक्रम आटोपशीर हवा असेल. चाळीस मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत बसवतो आहे. वेगाने वाचल्यास अकरापर्यंत येतं.

९ जानेवारी

नऊ मिनिटं. आणखी वेगाने शक्य नाही, कवळी हलते.

१० जानेवारी, शनिवार

हॉल भरलेला. पहिली रांग आमचीच: मुलगा, सूनबाई, सौ. मी कोट घातला होता. टेबलावर माझ्या चौदा वह्या कुठे दिसेनात. पुढे चौकशी केल्यावर कळलं की त्या कपाटात आहेत, आणि किल्ली मावशींकडे आहे. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं लावली होती. पाच मुलं आणि एक बूट यांचं एवढं मोठं. मावशींचं आणि वाफेचंही.

मुलं एकेक करून माईकवर आली. प्रश्नपत्रिकेने सांगितलं की त्याने भांडं रोज बाहेर ठेवलं आणि बर्फ एकदाही झाला नाही. एवढंच सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! न झालेल्या प्रयोगाला टाळ्या मी तेहतीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

शेवटी नात. बाई तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, गवतात तुला काय दिसलं ते सांग हं. सूनबाईने माझ्या मुलाचा हात धरला होता. नात माईकपाशी आली. तिला बोलता येत होतं, घाबरलेली नव्हती. तिने लोकांकडे बघितलंच नाही. पहिल्या रांगेत मला शोधलं आणि माईकमधूनच विचारलं, आजोबा, मला काय दिसलं होतं?

लोक हसले. त्यांना गंमत वाटली.

मी उभा राहिलो. कोटाच्या खिशात माझ्या वहीची प्रत होती, ती उघडली. तापमान होतं, वाफ होती, २१० होतं, बर्फ होता. गवताचं काहीच नव्हतं, मी ते लिहून घेतलंच नव्हतं. पानं मागेपुढे केली. ती वाट बघत होती. हसणं हळूहळू थांबलं. मला त्या दिवशी ती काय म्हणाली होती ते नीट आठवेना, कारण मी तेव्हा घड्याळ बघत होतो.

मावशी पुढे आल्या आणि तिला कडेवर घेऊन गेल्या. आभार बाईंनीच मानले.

११ जानेवारी, रविवार

तापमान: माहीत नाही. बघितलं नाही.

सकाळी सगळे उठायच्या आत नातीजवळ जाऊन बसलो. ती जागीच होती. मला लाज वाटत होती, ते लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचणार नाही. तिला सगळं सांगितलं. की तो बर्फ आपल्या फ्रीजमधलाच होता. की मी पहाटे जाऊन ठेवला. की मटार आपलाच, वाटीची फुलंही आपलीच, आणि तू बोललीस ते खरं होतं, खोटं मी बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. वाटलं होतं, चिडेल, निदान मला दोन बोल सुनावेल. मी तयारीनिशी बसलो होतो.

तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, बरं आजोबा, फ्रीजमधला. तीन तारखेला 'बरं, बाहेरचा' म्हणाली होती, अगदी तशाच आवाजात. मग अंगठा पुढे करून विचारलं, कुठे उठवू?